रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द लक्षात का राहत नाहीत, आणि कसे राहतील

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात एका कंपनीच्या ऍडमिन विभागात नोकरी. आलेले मेल वाचून कळतात, समोरचा बोलला तर बऱ्यापैकी समजतं, पण स्वतः बोलायची वेळ आली की साधे शब्दच सुचत नाहीत. रोज दहा शब्द अर्थासकट वहीत लिहून पाठ करता आणि आठवड्याने त्यांतले दोन-तीनच उरतात. वय अडतीस, तेव्हा स्मरणशक्तीच कमी झाली आहे का, असंही तुम्ही विचारलं आहे.

वयाची शंका आधी मनातून काढून टाका. माझ्याकडे बोलायचं इंग्रजी शिकायला पन्नाशी ओलांडलेल्या गृहिणी येतात, मुलाकडे अमेरिकेला जायचं म्हणून निवृत्त झालेले शिक्षक येतात. शब्द त्यांच्याही लक्षात राहतात. तुमच्या बाबतीत अडचण आहे ती पाठ करण्याच्या पद्धतीची, आणि थोडी शब्दांच्या निवडीची.

तुम्ही वहीत डावीकडे इंग्रजी शब्द लिहिता, उजवीकडे अर्थ, आणि ते पान चार-पाच वेळा वाचून काढता. वाचताना अर्थ डोळ्यांसमोर असतोच, म्हणजे तो आठवण्याची मेंदूला गरजच पडत नाही. पाचव्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो, झालं पाठ. ओळखता येणं आणि आठवता येणं यांत फार अंतर आहे. मेल वाचताना ओळखलं तरी भागतं, म्हणून वाचन तुम्हाला जमतं. बोलताना मात्र शब्द समोर नसतो, तो आतून काढावा लागतो, आणि आतून काढण्याचा सराव त्या पाच वाचनांत एकदाही झालेला नसतो.

यावर २००८ साली जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. शब्द एकदा बरोबर सांगता आल्यावर काहींनी तो पुढे नुसता वाचायचा, काहींनी मात्र पुन्हा पुन्हा न बघता आठवून सांगायचा. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले. नुसतं वाचणाऱ्यांना जेमतेम एक तृतीयांश. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: आठवड्याने किती येतील असं शिकून झाल्यावर विचारलं, तेव्हा सगळ्या गटांनी साधारण निम्मे असंच सांगितलं होतं. म्हणजे आपल्याला किती येतंय याचा आपलाच अंदाज भरवशाचा नसतो.

आपल्याकडे पाठांतराला हल्ली घोकंपट्टी म्हणून नावं ठेवतात, पण जुनी परवचा आठवून पाहा. तिन्हीसांजेला दिवा लावला की मुलं पाढे म्हणायला बसायची, पावकी, निमकी, पाऊणकी. पुस्तक मिटलेलं असायचं आणि अडलं की आजी पुढचा आकडा सांगायची. रोज, ठरल्या वेळी, न बघता आठवायचं आणि चुकलं की लगेच दुरुस्त व्हायचं. पाढे जन्मभर राहिले ते यामुळे. इंग्रजी शब्दांनाही हेच लागतं.

आता वहीकडे वळू. रकाने उलटे करा: डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. तुम्हाला बोलायचं आहे, म्हणजे मनात आधी मराठी येणार आणि त्यातून इंग्रजीकडे जायचं आहे. सराव त्याच दिशेने व्हायला हवा. उजवा रकाना पोस्टकार्डाने झाका, मराठी वाचा आणि इंग्रजी मोठ्याने म्हणा. पुटपुटू नका, आवाज बाहेर आला पाहिजे. आठवलं नाही तर लगेच कार्ड सरकवू नका. दहा-पंधरा सेकंद डोक्याला ताण द्या, मग पाहा. त्या ताणानंतर बघितलेलं उत्तर जास्त टिकतं. चुकलेल्या शब्दापुढे टिंब द्या आणि पान संपल्यावर फक्त टिंबवाले पुन्हा घ्या.

हे किती दिवसांनी करायचं? हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो याची मोजदाद केली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. विसरण्याचा मोठा वाटा पहिल्या काही तासांत उरकतो, पुढे त्याचा वेग मंदावतो, हे त्यातून दिसलं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि नंतरच्या लांबवत नेता येतात. मी सांगतो तो क्रम असा: सकाळी लिहिलेले शब्द त्याच रात्री, मग दुसऱ्या दिवशी सकाळी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि महिन्याने. हे आकडे म्हणजे काही पंचांगातला मुहूर्त नव्हे, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी चालतं. अंतर वाढत गेलं पाहिजे, एवढं मात्र सांभाळा.

वहीत तारखांचा हिशेब ठेवणं जड जात असेल तर बुटांचं रिकामं खोकं घ्या आणि पुठ्ठे लावून त्याचे पाच कप्पे करा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकलं की ती कुठल्याही कप्प्यात असली तरी परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. मोबाइलवर हेच काम अँकी नावाचं ऍप करतं, अँड्रॉइडवर ते फुकट आहे. फक्त त्यात दुसऱ्यांनी बनवलेल्या हजार-हजार शब्दांच्या तयार याद्या घेऊ नका. शब्द निवडायला, वाक्य रचायला आणि चिठ्ठी लिहायला जी मेहनत लागते, तीच अर्धं पाठांतर करून देते.

मेहनत हातची जाऊ नये म्हणून आधी शब्द योग्य हवेत. तुम्ही लिहून पाठवलेल्या पानावर ‘फिलॅटलिस्ट’ आहे, ‘ऑम्निपोटंट’ आहे. हे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतले शब्द. तिथे ते लागतात, पण ऑफिसातल्या पँट्रीचा नळ गळत असेल तेव्हा कामाला येत नाहीत. ‘द टॅप इज लीकिंग’ हे चार शब्द त्या दिवशी हवे असतात.

मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश काळात ढाक्याला शिक्षकांना शिकवत असत. बंगाली मुलांना इंग्रजी वाचन कसं शिकवावं याचा विचार करता करता, कोणते शब्द आधी शिकवावेत या प्रश्नात ते शिरले. पुढे १९५३ साली त्यांनी साधारण दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातल्या दर पाच शब्दांपैकी जवळजवळ चार त्या दोन हजारांतलेच असतात. तुम्ही शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलात (पहिलीपासूनचं इंग्रजी राज्यात २००० साली आलं), म्हणजे यांतले बहुतेक तुम्हाला ओळखता येतात. तुम्हाला अवघड शब्दांची उणीव नाही. उणीव दोन ठिकाणी आहे. एक, ओळखीचे छोटे शब्द कशाबरोबर जोडून वापरायचे ते माहीत नाही. दोन, घर, शरीर आणि कामाची जागा यांतले रोजचे शब्द शाळेच्या पुस्तकांत फारसे आलेच नाहीत.

दुसरी उणीव भरायला सोपी आहे. एक आठवडा खिशात छोटी डायरी ठेवा. दिवसभरात जिथे जिथे मराठी शब्द आला आणि इंग्रजी अडला, तिथे फक्त मराठी टिपून ठेवा. अर्थ रात्री शोधा. माझ्या वर्गात अशा डायऱ्यांत नेहमी दिसणारे शब्द म्हणजे उचकी, जांभई, ठसका, पायाला मुंग्या येणं, गाळणी, किसणी, लाटणं, कपडे पिळणं, घडी घालणं. ऑफिसातले म्हणजे परवा, बिल अडकलंय, मी जरा उशिरा पोहोचेन. यांतल्या काहींची इंग्रजी रूपं ‘हिकप्स’, ‘यॉन’, ‘स्ट्रेनर’, ‘ग्रेटर’, ‘रोलिंग पिन’, ‘रिंग आउट द क्लोद्ज’, ‘द डे आफ्टर टुमॉरो’, ‘आय एम रनिंग लेट’. एकही शब्द जड नाही. तुमची यादी तुमच्या दिवसातून निघाली की तिची उजळणीही दिवसच करून देतो. किसणी हातात आली की ‘ग्रेटर’ आठवायलाच हवा.

पहिल्या उणिवेवर जरा जास्त बोलतो, कारण बोलताना अडतं ते बहुतेक इथेच.

आपलं ‘लावणे’ हे क्रियापद घ्या. दार लाव, दिवा लाव, गजर लाव, कुकर लाव, बाम लाव, आईला फोन लाव, दारात झाड लाव. मराठीत सगळीकडे एकच शब्द. इंग्रजीत दार ‘क्लोज’ करतात, दिवा ‘टर्न ऑन’, गजर ‘सेट’, कुकर ‘पुट ऑन’, बाम ‘रब ऑन’, आईला ‘कॉल’, झाड ‘प्लांट’. ‘लागणे’ तर याहून अवघड. भूक लागली म्हणजे ‘आय एम हंग्री’, डोळा लागला म्हणजे ‘आय डोज्ड ऑफ’, ठेच लागली म्हणजे ‘आय स्टब्ड माय टो’, ठसका लागला म्हणजे ‘इट वेंट डाउन द राँग वे’, तास लागला म्हणजे ‘इट टुक ॲन अवर’. वहीत ‘सेट म्हणजे लावणे, मांडणे, ठरवणे’ असं लिहिलं, तर बोलताना तो ‘सेट’ कधीच सुचणार नाही, कारण त्या वेळी मनात ‘गजर लावायचाय’ हे अख्खं आलेलं असतं. म्हणून लिहायचंही अख्खंच. डावीकडे ‘सहाचा गजर लाव’, उजवीकडे ‘सेट द अलार्म फॉर सिक्स’. व्याकरणाचं नाव न घेता ‘द’ आणि ‘फॉर’ हेही त्यासोबत तोंडात बसतात. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला हे दोन छोटे शब्दच सर्वांत जास्त छळतात.

‘चूक करणे’ हे ‘मेक अ मिस्टेक’, ‘डू’ नव्हे. ‘औषध घेणे’ला ‘टेक’ चालतं, पण ‘चहा घेणार का’ला ‘हॅव’ जास्त सहज वाटतं. ‘माझं डोकं दुखतंय’ला ‘आय हॅव अ हेडेक’. यामागचा नियम शोधत बसू नका. असं म्हणतात, एवढं पुरे. मराठीत आपण आंघोळ करतो पण शपथ घेतो, याचं कारण आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं.

नवे शब्द घेताना एक काळजी घ्या. बहुतेक पुस्तकं शब्द गटाने देतात: सगळे रंग, सगळ्या भाज्या, विरुद्धार्थी जोड्या. दिसायला ते सोयीचं असतं, पण सारख्या किंवा उलट अर्थाचे नवे शब्द एकाच दिवशी घेतले की ते एकमेकांत मिसळतात. टिंकम नावाच्या संशोधकाने १९९३ साली हे तपासलं, तेव्हा संबंधित शब्दांचा गट शिकायला असंबंधित शब्दांपेक्षा जास्त वेळ लागला. वर्गात याचा ठळक नमुना म्हणजे ‘बॉरो’ आणि ‘लेंड’. उसने घेणे आणि उसने देणे ही जोडी एकत्र शिकलेली माणसं वर्षानुवर्षं बोलताना थबकतात, यातलं कुठलं ते. आधी एकटं ‘बॉरो’ पक्कं करा: ‘कॅन आय बॉरो युअर पेन?’ असं पंधरा दिवस रोज कुणाला तरी विचारा. ‘लेंड’ त्यानंतर. ‘पुट ऑन’, ‘पुट ऑफ’, ‘पुट अवे’ यांचंही तसंच, एका दिवशी एकच. आज ‘पुट ऑफ’, त्याच्या सोबतीला ‘किसणी’ आणि ‘परवा’. दिवसाचे पाच शब्द एकमेकांना अनोळखी असले की घोळ होत नाही.

हो, दहा नको, पाचच. पाच शब्द, प्रत्येक वाक्यासह. तेवढेही रोज जमले तर वर्षाला अठराशेच्या वर जातात, आणि त्यांतले निम्मे जरी जिभेवर आले तरी तुमचं ऑफिसातलं बोलणं बदललेलं असेल. दहाचा हट्ट धरला की उजळण्या साठत जातात आणि महिनाभरात वही बंद पडते.

मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांचं भांडवल तुमच्याकडे आधीच आहे, ते मोजा: टेबल, पंक्चर, रिझल्ट, कंडक्टर, चार्जिंग. शेकड्यांनी आहेत. काहींचा अर्थ मात्र आपल्याकडे येऊन सरकला आहे, तेवढे तपासून घ्या. आपण जेवायला जातो त्या ‘हॉटेल’ला तिकडे ‘रेस्टॉरंट’ म्हणतात, ‘हॉटेल’ म्हणजे राहण्याची जागा. ‘लाइट गेली’ला ‘द पॉवर इज आउट’. ‘पासआउट’ झालो म्हटलं तर परदेशी माणसाला तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल, तिथे ‘ग्रॅज्युएट’ म्हणावं.

उच्चार लिहून न घेता ऐकून घ्या. मोबाइलवरच्या कुठल्याही चांगल्या शब्दकोशात स्पीकरचं चित्र असतं, ते दाबा आणि मागोमाग तीनदा म्हणा. इंग्रजी शब्दात एका भागावर जोर पडतो आणि बाकीचे भाग दबतात. मराठीत आपण अक्षरं बरीचशी सारख्या वजनाने म्हणतो, म्हणून ‘व्हे-जि-टे-बल’ असं होतं. तिकडे ‘व्हेज्-टबल’ ऐकू येतं. उच्चार चुकीचा बसला तर शब्द पाठ असूनही समोरच्याच्या तोंडून आला की ओळखू येत नाही, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी करा.

काही शब्द काही केल्या राहत नाहीत, चिठ्ठी पहिल्या कप्प्यातून हलतच नाही. त्यांच्यासाठी आणि फक्त त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकेल राफ यांनी १९७५ मध्ये रशियन शब्दांवर ती तपासली आणि ती उपयोगी ठरली. परक्या शब्दाशी आवाजाने जुळणारा आपला शब्द शोधायचा आणि दोघांना एका चित्रात बसवायचं. ‘यॉन’ म्हणजे जांभई: जांभईला उघडलेल्या तोंडात एक यान शिरतंय असं डोळ्यांपुढे आणा. ‘इच’ म्हणजे खाज: खाजवायची इच्छा. ‘लॅडल’ म्हणजे आमटीचा डाव: त्या डावात आमटीऐवजी लाडू ठेवलेला. चित्र जितकं विचित्र, तितकं पक्कं. चार-सहा वेळा शब्द बरोबर आठवला की चित्र आपोआप मागे पडतं आणि शब्द उरतो.

मराठीचा आधार घेतला तर इंग्रजी कधीच येणार नाही, इंग्रजीतच विचार करा, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. माझा अनुभव तसा नाही. नव्या शब्दाचा अर्थ मराठीतून क्षणात आणि नेमका कळतो, तो नाकारण्यात वेळ जातो. इंग्रजीत विचार होऊ लागतो तो पुरेसे तुकडे जिभेवर आल्यावर, आणि तेव्हा तो आपणहून होतो.

वहीतलं वापरात आणायला तुमच्या नोकरीत संधी भरपूर आहेत. रोज सकाळी त्या दिवशीच्या पाचांतलं एक वाक्य निवडा आणि ऑफिसातून घरी निघेपर्यंत ते खऱ्या कामात वापरायचं ठरवा: एसीवाल्याच्या फोनवर, सिक्युरिटीशी बोलताना, मेलमध्ये. घरी मूल इंग्रजी माध्यमात असेल तर त्यालाच पोस्टकार्ड धरून तुमची परीक्षा घ्यायला बसवा. मुलांना आईबाबांची परीक्षा घ्यायला फार आवडतं, आणि तुमचा उच्चार चुकला तर ती लगेच सांगतात.

जुन्या वहीतल्या त्या शेकडो शब्दांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलं होतं. एका रविवारी बसून अर्थ झाका आणि प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात मला हा बोलायला लागला असता का? नाही, तर सरळ रेघ मारा. हो, तर वाक्य करून नव्या वहीत घ्या, पण रोजच्या पाचांतच, सगळे एकदम नकोत.

फरक कधी दिसेल? ऐकताना महिनाभरात जाणवतो, आपण लिहिलेले शब्द इतरांच्या तोंडून येताना कानाला टिपता येऊ लागतात. बोलताना वेळ लागतो, साधारण तीन महिने नियमाने केलं की वाक्यं न अडखळता यायला लागतात. मध्ये सणवार, आजारपण, ऑडिटची गडबड यांत चार-आठ दिवस खंड पडणारच. पडला तर त्या आठवड्यात नवा शब्द घेऊ नका. आधी सर्वांत अलीकडे शिकलेल्यांची उजळणी करा, कारण विसरण्याचा धोका त्यांना सर्वांत जास्त असतो. महिन्याच्या उजळणीचे जुने शब्द आणखी दोन-चार दिवस थांबले तरी चालतं. थकलेली पानं रोज दहा मिनिटांत बसतील एवढीच घ्या, आणि ती संपली की पुन्हा पाच नवे सुरू करा.